दुसऱ्या पानावर बंद पडणारा लॅपटॉप

आंबेवाडी, चितेगावजवळ
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय कमरू,

सलाम. आधी बातमी, मग बाकीचं. मी लॅपटॉप घेतला. पावती माझ्या नावाची, सही माझी. दुकान तुझ्याच उस्मानपुऱ्यातलं होतं, पण बरोबर आलेल्या लेकाला, सोमनाथला, कंपनीत दुपारपाळी होती, म्हणून तुझ्याकडं यायला जमलं नाही. रागावलीस तर पत्रातच रागाव. फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि शेजारच्यांना वाटतं आमच्या घरात भांडण लागलंय. शिवाय आपलं ठरलंच आहे ना, आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, आता आपली हातानं लिहायची.

कमरू, ह्याच्यावर मराठीला आपल्या जुन्या टाइपरायटरचाच, रेमिंग्टनचा कीबोर्ड लावता येतो गं! तीन वर्षं झाली निवृत्त होऊन, पण 'क्ष' कुठं आहे ते डोक्याला विचारावंच लागलं नाही, बोटं आपली आपण गेली. सूनबाई प्रेरणा चहा घेऊन आली ती कप हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "आई, तुमची बोटंच दिसंनात!" तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिथं शेजारच्या खुर्चीवर तू होतीस ना, माझ्याहून जोरात. (आवाज जोरात. वेग माझाच जास्त होता.)

आता हे सगळं कशासाठी ते सांगते. गावातल्या जुन्या बालवाडीची खोली रिकामी पडली आहे. आमच्या मुली टायपिंगच्या क्लासला बसनं शहरात जातात. जायला तास, यायला तास, आणि अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून अर्धा क्लास सोडून निघतात. मी ती खोली मागितली आहे. क्लास इथंच काढायचा, मी शिकवायचं. आमचा सरपंच पुंजाराम गल्लीतलाच, माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. तो म्हणाला, "काकू, खोली मागणारे लई हायेत. तुम्हाला ह्या वयात मशीन झेपतंय का ते लोकाला दिसू द्या. पंधरा तारखेला बैठकीत दोन पानं टाइप करून दाखवा, प्रोजेक्टरनं भिंतीवर, समद्यासमोर."

दोन पानं! मला हसूच आलं. आपण दिवसाला चाळीस काढायचो.

एक बारीकशी कटकट आहे. काल आणि परवा लिहिता लिहिता पडदा एकदम काळा झाला. बटण दाबून धरलं, तेव्हा यंत्र परत चालू झालं, पण लिहिलेलं सगळं गेलं. नवीन आहे, बसेल घडी हळूहळू.

तू दिलेलं चुंबकाचं कडं डाव्या मनगटात आहे. लई फरक आहे दुखण्याला.

तुझी
सारजा


उस्मानपुरा
८ नोव्हेंबर २०२५

सारजा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा खुशीनं आणि एकदा रागानं. माझ्या घरापासून चार दुकानं सोडून लॅपटॉप घेतलास आणि दारावरून तशीच गेलीस! माझी सून आमरीन म्हणते, "अम्मी, जाने दो." नाही जाने देणार. खोली मिळाली की पहिला चहा तू पाजायचास.

आणि "आपण दिवसाला चाळीस काढायचो" ह्यातलं 'आपण' मला मान्य आहे. त्यातली पंचवीस माझी होती, तेवढं लक्षात ठेव.

पण खरंच सांगते, छाती भरून आली. गुलमंडीतल्या त्या माडीवरच्या क्लासात आपण दोघी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा बोटं मशीनवर कशी ठेवायची तेही तुला ठाऊक नव्हतं. सर पट्टी घेऊन मागं फिरायचे, "मनगटं वर! मनगटं वर!" आणि तुझी मनगटं खाली आली की माझ्या मशीनवर पट्टी आपटायचे, कारण त्यांना आपण दोघी एकसारख्याच दिसायचो. तीच तू आता सगळ्या गावासमोर भिंतीवर टाइप करून दाखवणार. मी इथं सगळ्यांना सांगितलं आहे. दूधवाल्यालासुद्धा.

मात्र ते काळ्या पडद्याचं हलकं घेऊ नकोस. यंत्र उगीच थांबत नसतं. पंधरा तारखेच्या आत दुकानात दाखवून घे. लाजू नकोस, तुला विचारायची लाज वाटते हे मला ठाऊक आहे. कचेरीत मशीनची फीत अडकली तर तू नखं काळी करून घ्यायचीस, पण मेस्तरीला हाक मारायची नाहीस.

कड्यानं फरक आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. माझाही हात मस्त आहे. जोडीच घेतली होती मी ती, दोघींना लागू पडली.

खुदा हाफिज,
कमरू


आंबेवाडी
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय कमरू,

दूधवाल्याला सांगितलं असशील तर आता हेही सांग, की सारजाबाईची फजिती झाली.

मी दुकानात दाखवलं नव्हतं. तू बरोबर ओळखलंस.

पंधरा तारखेला पंचायतीत चाळीसेक माणसं होती. शाळेचा प्रोजेक्टर आणला होता. पुंजाराम वर्तमानपत्र वाचत होता आणि मी टाइप करत होते. पहिलं पान असं गेलं की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. म्हाताऱ्या कडुबानं तर उठून भिंतीला हात लावून बघितला, अक्षरं ओली आहेत का म्हणून. मला इतकं बरं वाटत होतं कमरू, की सांगता येत नाही. मग दुसरं पान सुरू झालं, तिसरी की चौथी ओळ असेल, आणि भिंत काळी झाली.

मी बटण दाबून धरलं. यंत्र चालू झालं तर पान कोरं. म्हटलं हरकत नाही, पुन्हा घ्या. पुन्हा तेच. दुसऱ्या पानावर अंधार. कुणीतरी मागून हसलं. पुंजाराम हसला नाही. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, वय झालं तुमचं. आता ऱ्हाऊ द्या." मायेनं म्हणाला. ओरडला असता तर मीही ओरडले असते.

खोलीचा निकाल चौदा डिसेंबरच्या ग्रामसभेत लागायचा आहे. तेवढीच मुदत मिळाली, तीही बायका बोलल्या म्हणून.

सोमनाथ लॅपटॉप घेऊन दुकानात गेला. तिथल्या ऋतुराज नावाच्या मेस्तरीनं दोन दिवस ठेवून घेतला. आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं, चार्जर बदलून दिला, दिवसभर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. मग त्यानं यंत्राच्या आतली नोंद काढून दाखवली. यंत्र जेव्हा जेव्हा बंद झालं तेव्हा तेव्हा बटण दाबूनच बंद झालं आहे, असं त्यात लिहिलंय. म्हणाला, "मशीन एकदम ओके है, भाऊ. आजीच बंद करतात."

मी सोमनाथला सांगितलं, आधी काळं होतं आणि मग मी बटण दाबते. आधी काय आणि नंतर काय, हे कुणी ऐकूनच घेत नाही. तो म्हणाला, "आई, तुझ्या हातून नकळत होत असंल." पोटचा पोरगा. मी परात ओढली. भाकरी थापत बसले, आणि त्या रात्रीच्या भाकरी जरा जाडच झाल्या.

कड्यानं मनगट मात्र अगदी मऊ पडलंय.

तुझी
सारजा


उस्मानपुरा
२२ नोव्हेंबर २०२५

सारजा,

तुझ्या पुंजारामला माझा निरोप दे. माझं वय तुझ्याहून दोन वर्षांनी जास्त आहे आणि मला अजून त्याचे कान उपटता येतात.

आता रडणं बंद कर आणि नीट वाच. आपण तीस वर्षं कचेरीत काय केलं? नोंदी. कुणाची फाईल कुठं अडकली ते आपल्याला माहीत असायचं, साहेबाला नसायचं, कारण आपल्याकडं नोंद असायची. मग आता का घाबरतेस? एक वही घे. यंत्र काळं झालं की लिही. किती वाजले होते, सुरू करून किती वेळ झाला होता, कितवं पान, चार्जर लावलेला होता की नव्हता, यंत्र कुठं ठेवलं होतं, समोर कोण बसलं होतं. आणि रोज एकच गोष्ट बदल. एकच. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू एका दिवसात टेबल, खोली, चार्जर आणि सून सगळं बदलशील आणि मग काहीच कळायचं नाही.

तुझ्या मेस्तरीनं सगळं पुसून नव्यानं भरलं म्हणतेस. म्हणजे दुखणं काय आहे ते न बघता औषध दिलं. मला तो माणूस पटला नाही.

आणि हे ऐक. बटण दाबल्याची नोंद यंत्रात आहे, पण तू खोटं बोललीस अशी नोंद माझ्याकडं तीस वर्षांत एकही नाही. तू आधी काळं होतं म्हणालीस, म्हणजे आधी काळं होतं. बस.

एक गोष्ट तुला आजवर लिहिली नव्हती. इथं मी दिवसभर रिकामी बसते. आमरीन चांगली आहे, टीव्हीवर खाली अक्षरं येतील असं लावून देते, ती वाचत मी मालिका बघते. पण अक्षरं वाचायची आणि बोटं स्वस्थ ठेवायची, हे मला जमत नाही गं. खोली मिळाली तर इंग्रजीचा वर्ग मी घेणार. बस आहे, पास आहे. मुलींनी कितीही खडखडाट केला तरी मला त्रास व्हायचा नाही, हा तर माझा मोठाच गुण आहे. म्हणून ही खोली तुझ्या एकटीची आहे असं समजू नकोस.

कमरू


आंबेवाडी
१ डिसेंबर २०२५

प्रिय कमरू,

वही भरली. तुझ्या सांगण्याप्रमाणं रोज एकच गोष्ट बदलली. मनात नसताना बदलली, पण बदलली.

चार्जर काढून बघितला, लावून बघितला. इंटरनेट बंद केलं. घरातली वीज वाईट असेल म्हणून देवळाच्या सभामंडपात जाऊन बसले, तिथं आरतीला आलेल्या बाया माझ्याकडंच बघत होत्या. गरम होतंय का म्हणून शेजारी पंखा लावून बसले, त्यात मलाच सर्दी झाली. काही उपयोग नाही. कधी अठरा मिनिटांनी, कधी पंचवीस मिनिटांनी, बहुतेक दुसऱ्या पानावर पडदा काळा.

मग माणूस बदलला. प्रेरणा तासभर बसली. तिचं टायपिंग म्हणजे कोंबडीनं दाणे टिपावेत तसं, दोन बोटांनी. यंत्र ढिम्म हललं नाही. सोमनाथनं त्यावर अख्खा सिनेमा बघितला. काही नाही. मी बसले की झालंच.

आणखी एक दिसलं. सकाळी ताजी असताना बसले की तिसरं पानही होतं. धुणं धुऊन बसले तर पहिलंच पान पुरं होत नाही. म्हणजे मी जेवढी थकलेली तेवढं ते लवकर बंद. कमरू, मी थकले की यंत्राच्या पुढच्या कडेला हात टेकवून टाइप करते. रेमिंग्टनला असा कट्टा कुठं होता? तेवढाच मनगटाला आराम. आणि नेमकं मी आरामात बसले की दिवे जातात. जणू यंत्राला कळतं की म्हातारी दमली.

म्हणजे तुझ्या वहीनं निकाल दिला. दोष माझ्यात आहे.

मी ठरवलंय. चौदा तारखेला प्रेरणा बसेल. हळू करते, पण बंद तर पडत नाही. खोली तिच्या नावावर मागू. ती बिचारी रडायला लागली. म्हणाली, "आई, मला नाय जमायचं. तुमचीच बोटं पायजेत." मी तिला गप्प केलं. तुझा इंग्रजीचा वर्ग होईलच, तू काळजी करू नकोस.

ह्या विषयावर आता मला काही लिहू नकोस. माझा अभिमान लई मोठा आहे हे तुला ठाऊक आहे, तो आता कुठं ठेवू ते कळत नाहीये. इकडं थंडी पडली आहे. तूर चांगली आली आहे, तुला पाठवते.

सारजा


उस्मानपुरा
६ डिसेंबर २०२५

सारजा,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सगळं वाचल्याशिवाय उठू नकोस. गॅसवर काही असेल तर आधी बंद कर.

तुझं पत्र परवा आलं. वाचलं, बुरखा चढवला आणि तडक दुकानात गेले. आमरीन मागं धावत आली, "अम्मी, सुनो तो," पण मला कुठं ऐकू येतंय. दुकानात तुझा ऋतुराज बसला होता. पंचविशीतला आहे, तोंडात सुपारी. मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीला तुम्ही खोटं पाडलंत. तिनं तीस वर्षांत एक ओळ चुकीची टाइप केली नाही." त्यानं कागदावर लिहून दिलं (मी मागितलं, माझ्याशी हुज्जत घालायची तर लिहूनच घालावी लागते): "आपा, मशीन चांगली है. हे बघा, सेम मॉडेल. तुम्हीच चालवून बघा."

मी बसले. रेमिंग्टनचा कीबोर्ड लावून घेतला. त्याच्या टेबलावर कुणाचा तरी उघडलेला लॅपटॉप होता, आजूबाजूला बारके बारके स्क्रू विखुरलेले. मी त्यातच जागा केली आणि सुरू केलं. काय टाइप करावं सुचेना, म्हणून तुझीच तक्रार टाइप केली. पाच वर्षांनी बसले होते सारजा. अल्ला, काय सुख! दुकानात आलेली गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. पहिलं पान झालं. दुसरं सुरू केलं. हात भरून आले, म्हणून मीही तुझ्यासारखी कट्ट्यावर टेकवले.

पडदा काळा.

ऋतुराज हसला. मी बटणाकडं हात नेला तर त्यानं मला थांबवलं. स्वतः बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं, आणि पडदा परत आला. मजकूर जागच्या जागी! एक अक्षर गेलं नव्हतं. मग त्याचं हसणं बंद झालं. कारण मी तर बटणाला हातच लावला नव्हता, आणि हे त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यानं दुसरं यंत्र आणलं. त्याच्यावरही दुसऱ्या पानावर तेच.

आता तो माझ्या हातांकडं बघायला लागला. एकदम खाली वाकला आणि माझ्या डाव्या मनगटावरून काहीतरी उचललं. स्क्रू! त्याचे तीन बारके स्क्रू माझ्या कड्याला चिकटून लटकत होते. अर्धा तास तो ते टेबलाखाली शोधत होता म्हणे.

त्यानं कागदावर लिहिलं, "आपा, कडं काढा आणि हात तिथंच ठेवा." काढलं. मी पाच पानं टाइप केली सारजा, पाच, हात टेकवून. काही झालं नाही. मग त्यानं ते कडं माझ्याकडून घेतलं आणि नुसतं यंत्राच्या डाव्या कडेवर धरलं. पडदा काळा. उचललं, टिचकी मारली, परत उजेड. दुकानातली सगळी माणसं गोळा झाली, प्रत्येकानं एकेकदा करून बघितलं.

त्यानं मला समजावून लिहून दिलं ते असं. लॅपटॉप मिटला की त्यानं झोपावं, अशी सोय असते. वरच्या झाकणात बारका चुंबक असतो. तो खालच्या कडेजवळ आला की यंत्राला वाटतं झाकण मिटलं, चला झोपा. आपल्या कड्याच्या दोन्ही टोकांना चुंबक आहेत. मनगटं वर असली की काही होत नाही. मनगट टेकलं की यंत्र झोपतं. प्रेरणाच्या हातात कडं नाही, सोमनाथच्या नाही, दुकानातल्या पोरांच्या नाही. तुझं यंत्र बिघडत नव्हतं सारजा, झोपत होतं. आणि तू घाबरून बटण दाबून धरायचीस, म्हणजे झोपलेल्याचा गळाच दाबायचीस, म्हणून मजकूर जायचा.

तुझ्या वहीत सगळं होतं. थकल्यावर हात टेकवते, हात टेकवला की बंद. तूच लिहिलंस आणि तूच वाचलं नाहीस. पण तुला काय बोलू? ते कडं तुझ्या हातात मीच घातलं. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी, सगळ्या कचेरीसमोर. चाळीस माणसांसमोर तुझी मान खाली गेली ती माझ्या भेटीमुळं. दोन रात्री हेच डोक्यात आहे.

आणि आता आणखी एक खरं सांगून टाकते. त्या कड्यानं माझा हात तसूभरही बरा झाला नाही. प्रदर्शनातून मीच हौसेनं घेतली होती, मग तुला कोणत्या तोंडानं सांगू? तू दर पत्रात फरक आहे लिहायचीस, म्हणून मला वाटायचं दोष माझ्या हाडांत आहे.

कडं काढ. पाच पानं टाइप कर. मग उत्तर लिही. ऋतुराजनं तुझी माफी मागितली आहे, सही घेतली आहे मी त्याची, कागद सोबत जोडला आहे.

तुझी गुन्हेगार
कमरू


आंबेवाडी
१५ डिसेंबर २०२५

प्रिय कमरू,

तुझं पत्र नऊ तारखेला आलं. गॅसवर दूध होतं, बंद केलं नाही, उतू गेलं. प्रेरणानं पुसलं.

मी कडं काढलं आणि सात पानं टाइप केली. पाच नाही, सात. मग अंगणात जाऊन पोटभर रडले. आणि ऐक, माझाही हात त्या कड्यानं कधी बरा झाला नाही. एक दिवससुद्धा नाही. तू दिलंस म्हणून अंघोळीलासुद्धा काढत नव्हते. दोघी मिळून तीन वर्षं एकमेकींना खोटं लिहीत होतो, आणि वर तू म्हणतेस माझ्या खोटेपणाची नोंद तुझ्याकडं नाही! आता कर. गुन्हेगार वगैरे काही म्हणू नकोस. माझ्यासाठी दुकानात जाऊन भांडणारी तूच एक निघालीस. ऋतुराजचा माफीचा कागद सोमनाथनं दोनदा वाचला, मग माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आई, माझंच चुकलं. तू सांगत व्हती, म्या ऐकलं नाय." मी म्हटलं, जेव आधी.

आता कालचं.

ग्रामसभेला ह्या वेळी दीडशे तरी माणसं असतील. म्हातारी पुन्हा काय करते ते बघायलाच निम्मी आली होती. मी जाऊन बसले, प्रेरणा शेजारी बसली. पुंजाराम वर्तमानपत्र घेऊन उठला. मी म्हटलं, "सरपंच, वाचू नका. तुम्ही तुमची सभा चालवा, मी सभाच लिहिते." तो म्हणाला, "समदी सभा?" म्हटलं, "व्हय, समदी."

कमरू, आपण साहेबांच्या किती बैठका लिहिल्या. पण तेव्हा आपण कोपऱ्यात असायचो आणि कागद नंतर फिरायचा. इथं माणूस बोलतोय आणि तोच शब्द तेव्हाच भिंतीवर. कडुबा उठून पाण्याच्या टाकीचं बोलला. पुंजाराम म्हणाला, "बघू," आणि भिंतीवर आलं, "सरपंच : बघू." लोक हसले. कडुबा म्हणाला, "आता भिंतीवर आलं, आता बघावंच लागतंय." तेही आलं. त्यानंतर सगळी माणसं खाली बघून, शब्द निवडून बोलायला लागली. आमच्या गावात इतकी शिस्तीत सभा कधी झाली नव्हती.

दुसरं पान गेलं. मनगट दुखत होतं, कडेवर टेकवलं. उजेड तसाच. तिसरं गेलं.

मग खोलीचा विषय आला. पुंजारामला सवय. तो उठला आणि बोलून गेला, "खोलीचं असं हाय, की सारजाकाकूंचं आता वय झालं…" आणि थांबला, कारण पुढं बोलायच्या आधी ते भिंतीवर आलं होतं. "सरपंच : सारजाकाकूंचं आता वय झालं." केवढ्या मोठ्या अक्षरात! त्यानं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "काकू, तेवढं खोडा की."

मी म्हटलं, "सभेत बोललेलं सभेच्या मंजुरीबिगर खोडता येत नाय. कोणाकोणाला खोडायचंय, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुंजारामही शेवटी हसला. त्याचं मन मोठं आहे, ते मी मान्य करते. घसा साफ केला आणि सावकाश, एकेक शब्द मला दिसेल असा बोलला, "जुन्या बालवाडीची खोली सारजाबाईंना टायपिंगच्या क्लाससाठी देण्यात यावी." तो 'यावी' म्हणायच्या आत माझं लिहून झालं होतं. हात वर करा म्हणायची गरज पडली नाही. सगळ्यांत आधी हात वर झाला तो त्याच्या बायकोचा, आणि तिनं तिथंच श्रेयाचं, तिच्या मुलीचं, नाव सांगितलं.

ग्रामसेवकांनी पाचही पानं छापून काढली. पुंजारामनं खाली सही केली. आता पंचायतीच्या दप्तरात माझं वय झाल्याची नोंद आहे, त्याच पानावर खोली मला दिल्याचा ठराव आहे, आणि दोन्हींच्या खाली सरपंचाची सही आहे. अकरा मुलींची नावं आली. इंग्रजीला कमरुन्निसाबाई येणार हे मी परस्पर जाहीर केलं आहे, तेव्हा सोमवारी सकाळच्या बसनं ये, चहा मीच पाजते.

सभा संपल्यावर घरी निघालो. लॅपटॉप मी घेत होते, तर सोमनाथनं घेतला. पिशवीत टाकला नाही, दोन्ही हातांवर धरला, देवळातून ताट आणावं तसा. सगळी गल्ली बाहेर उभी होती. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी भेटेल त्याला तो सांगत होता, "आईचा हाय."

तुझी
सारजा